आधी जायचं कुणी

दहा वर्षं आमच्या घरात एकच भांडण चाललं होतं. आम्हा नवराबायकोपैकी आधी मरायचं कुणी.

लोकांच्या घरी जागेवरून, दागिन्यांवरून, सुनेच्या माहेरावरून भांडतात. आमच्याकडे त्यातलं काही निघालंच नाही. इथे कानडी मुलखात, शिवाजीनगरच्या बाजारात बटणं, अस्तर, झिपा आणि दोऱ्याची रिळं विकायचं दुकान, त्यावर राहायच्या खोल्या, दुकान सांभाळायला मुलगा वेणुगोपाल, घर सांभाळायला सून रूपश्री. सगळं सुरळीत. मग म्हातारपणी भांडायला मरण तेवढं उरतं.

माझं म्हणणं सरळ होतं. मी सवाष्ण जाणार. हिरवं पातळ, हातभर चुडा, कपाळाला मळवट, बायका ओटी भरून पाया पडताहेत. माझ्या सासूला असं मरण मिळालं होतं आणि जिवंतपणी जेवढा तोरा होता त्याच्या दुप्पट तोऱ्यात ती गेली. तिच्यापेक्षा मी कशात कमी आहे?

आमच्या ह्यांचं म्हणणं, आधी मी. (ह्यांचं नाव मी तोंडाने घेत नाही, लिहायला हरकत नाही : सुब्बाराव.) त्यांचं कारण ऐका. "मागं राहून मी काय करू? माझं बनियन कुठं असतं तेसुद्धा मला ठाऊक नाही."

"कपाटात असतं. तेवढ्यासाठी मी विधवा होऊ?"

"मग मी विधुर होऊ की काय?"

झालं. इथून पुढे जेवण गार होईपर्यंत तेच. रूपश्री बिचारी नवी सून असताना हे ऐकून रडायची. पुढे पुढे तीच मधे म्हणायला लागली, "दोघंही राहा की, पण आधी ताटं घासायला टाका."

आता कुणी म्हणेल, मरण काय रेशनची रांग आहे? नंबर ठरवून येणार आहे? नाही येणार, मला कळतं. मला फक्त ह्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं : तू जा आधी, मी बघून घेईन. एवढं ऐकलं की मी सुटले. कारण माझ्यामागे हा माणूस उलटं बनियन घालून, न जेवता, घरभर मला हाका मारत फिरणार असेल, तर हिरवं पातळ नेसून मी जाऊ कशी? अर्ध्या वाटेवरून परत यावं लागेल. पण दहा वर्षांत ते वाक्य काही निघालं नाही. ह्यांचा हट्ट मोठा. माझा त्याहून मोठा, पण तो मुद्दा वेगळा.

माझी तयारी तर केव्हाच झाली होती. आमच्या नात्यागोत्यात एक पद्धत आहे. साठी उलटली की हाराचा फोटो काढून ठेवायचा. म्हणजे आपण गेल्यावर भिंतीवर लावून ज्याला हार घालतात, तो. ही पद्धत माझ्या थोरल्या नणंदेमुळे पडली. कस्तुराबाई गेल्या तेव्हा त्यांचा एकही धड फोटो घरात सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून त्यांचं तोंड कापून मोठं केलं. त्या फोटोत त्या आचाऱ्यावर ओरडत होत्या. अजूनही भिंतीवर, चंदनाचा हार घालून, उदबत्तीच्या धुरातून त्या आचाऱ्यावर ओरडतच आहेत.

माझ्या बाबतीत असलं काही मी होऊ देणार नव्हते. साठी झाल्याबरोबर मी कमर्शियल स्ट्रीटच्या स्टुडिओत गेले. नथ घातली, काठापदराचं नेसले, आणि मनासारखा येईपर्यंत त्या माणसाला पुन्हा पुन्हा काढायला लावला. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "पासपोर्टला पाहिजे का अम्मा?"

मी म्हटलं, "त्याहून लांब जायचंय."

चौकट करून तो फोटो मी कपाटात पातळांखाली ठेवला. सणावारी पातळ काढताना बघायची. हार कुठून कुठवर येईल, शेवंतीचा शोभेल की मोगऱ्याचा, नथ झाकली जाणार नाही ना, सगळं ठरवून झालं होतं. ह्यांना दरवर्षी सांगायची, तुम्हीही काढून घ्या. हे म्हणायचे, "मला कशाला? मी भिंतीवर बसून काय करू?" ह्यांचा म्हणून एकच फोटो होता. साठीशांतीच्या दिवशी दोघांचा काढलेला. स्टुडिओवाल्याने जवळ सरका, जवळ सरका करत आम्हाला एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसवलं होतं. गळ्यातले हार मी आधीच काढायला लावले होते. म्हटलं, हार नंतर घालायचेच आहेत, आत्तापासून घाई कशाला.

मग शहाण्णव साली आमच्या गच्चीवरच्या खोलीत वाणी राहायला आली. बेळगावकडची पोर. मराठी बोलायची, कानडी बोलायची, आणि चिडली की इंग्रजी. कोरमंगलाला एका बंगल्यात कसलीशी संशोधनाची संस्था होती, तिथे ती काम करायची. काय काम करतेस म्हणून विचारलं तर पोर लाजली. मग म्हणाली, "अज्जी, म्हातारी माणसं स्वतःच्या मरणाचा विचार करतात तेव्हा त्यांच्या मेंदूत काय होतं, ते बघते."

मी हातातली भाजी खाली ठेवली. म्हटलं, "बस. नीट सांग."

तिने सांगितलं. डोक्याला वायरी लावायच्या, समोर फोटो आणि शब्द दाखवायचे, आणि मेंदू कुठे दचकतो, कुठे गप्प बसतो, ते मशिनवर रेघांनी उमटतं. तिचा अंदाज असा होता की दुसऱ्याच्या मरणाचं नाव काढलं की मेंदू कान टवकारतो, आणि आपल्या मरणाचं नाव काढलं की तोच मेंदू कानात बोटं घालतो. तरुणांचं एक वेळ तसं असेल, पण सत्तरीच्या माणसांचंही तसंच असतं का, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी तिला म्हातारी माणसं हवी होती आणि ती मिळत नव्हती. विषय ऐकूनच पळून जायची.

मला तर देव पावल्यासारखं झालं. मशिनच सांगेल की तुंगाबाई, म्हणजे मी, मरायला तयार आहेत, भीत नाहीत. मशिनच्या दाखल्यापुढे ह्यांची काय टाप आहे नाही म्हणायची!

"मी येते," मी म्हटलं. "पण ह्यांनाही घे. दोघांची डोकी बघ. कोण तयार आहे ते एकदा कळू दे."

हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "माझं डोकं बरं आहे."

"तेच बघायचंय की."

वाणीने दोन गोष्टी बजावल्या. एकेक फोटो आणून द्या, चेहरा स्वच्छ दिसेल असा. आणि येताना डोकं धुऊन या, तेल लावू नका, तेलावर वायरी चिकटत नाहीत.

फोटो लगेच दिले. मी अर्थातच माझा हाराचा दिला. त्याहून चांगला माझा फोटो जगात नाही. ह्यांनी नवा काढायला साफ नकार दिला आणि भिंतीवरचा दोघांचा काढून तिच्या हातात ठेवला. "यात मी आहे की. बघ तू काय ते."

राहिलं डोकं. शिकेकाईने स्वच्छ धुतलं आणि मग नेहमीसारखं तेल लावून अंबाडा घातला. कोरड्या, मोकळ्या केसांनी घराबाहेर कोण पडतं? ज्यांच्या घरात सुतक असतं ते. परक्याच्या बंगल्यात तसं तोंड घेऊन जाऊ? हे तर टकलालाही चोपडून आले होते. वाणीने आम्हाला बघितलं आणि इंग्रजी सुरू केलं. मग बंगल्यामागच्या नळावर, शाम्पूच्या पुड्या फोडून, तिने स्वतःच्या हाताने आम्हा दोघांची डोकी धुतली. मी निमूट बसले. हे मात्र डोळे गच्च मिटून "साकु, साकु, पुरे!" म्हणून असे ओरडत होते की शेजारच्या बंगल्यातला माळी कुंपणावर येऊन बघून गेला.

आतली खोली थंडगार. कम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढायच्या, गाभाऱ्यात जाताना काढतात तशा. आधी माझा नंबर लागला. डोक्यावर गोंदासारखं काहीतरी थापून तिने वायरी बसवल्या आणि हलू नका म्हणाली. समोर पडद्यावर माझा फोटो आला, खाली शब्द : छत्री. मग एक अनोळखी बाई आली, चष्मेवाली, ओठ घट्ट मिटलेली, तिच्याखाली : चिता. मग मी, खाली तिरडी. मग ती बाई, खाली आंबा. मी, बादली. बाई, स्मशान. असं चाललं ते चाललं. मी मजेत होते. नथ पडद्यावर काय झकास दिसत होती! त्या बाईची मात्र मला काळजी वाटायला लागली. बिचारीला पुन्हा पुन्हा तिरडीवर घालत होते आणि ओटी भरायला कुणी नाही. अर्ध्या तासाने ती काही मला अनोळखी राहिली नव्हती.

मग हे आत गेले. मी बाहेर बाकावर केस वाळवत बसले. बाहेर आले तेव्हा ह्यांचा चेहरा उतरलेला. मी म्हटलं, "काय, घाबरलात ना?" हे तडक रिक्षा शोधायला निघाले. मी मनात म्हटलं, जिंकलो आपण.

निकाल आठवड्याने कळणार होता. तो आठवडा ह्यांनी मला वैताग आणला. एरवी दुकानात गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून वेणूला नको ते सल्ले देत बसणारा माणूस, आता स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून पेपर वाचायला लागला. मी डाळ काढायला वळले की ह्यांचे पाय. मी गच्चीवर गेले की मागून पायऱ्यांवर ह्यांचा खोकला. "दुकान जळालं का खाली?" असं मी विचारलं. "इथं उजेड बरा आहे," म्हणाले. आमच्या स्वयंपाकघरात दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो.

आठवड्याने आम्ही पुन्हा कोरमंगलाला गेलो. वाणीचं तोंड परीक्षेत काहीतरी घोटाळा सापडलेल्या मास्तरणीसारखं झालं होतं. तिने आधी माझ्या रेघा दाखवल्या. चष्मेवालीच्या फोटोखाली तिरडी आली की रेघ उसळलेली, टेकडीच उभी. माझ्या फोटोखाली काहीही लिहा, मरण लिहा, आंबा लिहा, रेघ आपली आडवी, पट्टीने ओढल्यासारखी.

"बघितलंत?" मी ह्यांना म्हटलं. "ह्याला म्हणतात तयारी."

वाणी म्हणाली, "थांबा अज्जी. रेघ नुसती मरणाला गप्प बसली असती तर समजलं असतं. तुमचा मेंदू तुमच्या फोटोवर आंब्यालाही हलत नाही. हा फोटो कधीचा?"

मी सगळं सांगितलं. नणंदेचं, आचाऱ्याचं, स्टुडिओचं, शेवंतीचं. वाणीने कपाळाला हात लावला.

"म्हणजे तुम्ही दहा वर्षं रोज सराव करताय!"

"रोज कुठं? सणावारी."

"अज्जी, तुमचा पेपर आधीच फुटला होता. मला तुमचं नाव गाळावं लागणार."

मला रागच आला. अभ्यास करून आलेल्या मुलीला नापास करायची ही कुठली रीत? पण तेवढ्यात तिने ह्यांच्या रेघा पडद्यावर आणल्या आणि माझा राग पळाला. अनोळखी माणसाच्या फोटोवर काही विशेष नव्हतं. स्वतःच्या फोटोवर मात्र नुसते डोंगर. मरणाला डोंगर. छत्रीला डोंगर. आंब्याला, बादलीला, सगळ्याला सारखेच.

मी मोठ्याने हसले. "बादलीला घाबरतात! वेणूला सांगायला पाहिजे."

"मशिन बिघडलंय," हे जमिनीकडे बघत म्हणाले.

"मशिन ठीक आहे अण्णा. फोटो आला की काय येत होतं मनात?"

"काही नाही."

"काहीतरी असेल की. आठवा स्वल्प."

"काही नाही म्हटलं ना," हे एकदम चढ्या आवाजात बोलले. परक्या पोरीवर आवाज चढवायची ह्यांची रीत नाही. वाणी बावरली आणि फोटोतच काही चुकलंय का बघावं म्हणून तिने तो पडद्यावर मोठा करून लावला.

मी हसतच मान वर केली. साठीशांतीचाच फोटो होता. हे ताठ बसलेले, कोटाची वरची गुंडी लावलेली. शेजारी मी नव्हते.

"दोघं होतात ना त्यात," वाणी म्हणाली, "मला एकच चेहरा पाहिजे होता. म्हणून कापला."

नीट कापला होता पोरीने. ह्यांच्या बाहीला चिकटून माझ्या पातळाचा बोटभर काठ राहिला होता, खांद्याचा एक तुकडा, आणि त्यापुढे नुसतं पांढरं. हे तसेच बाकाच्या एका कडेला बसलेले, बाकीचं बाक रिकामं. अर्धा तास ह्यांना हे दाखवलं होतं. खाली छत्री लिहून, आंबा लिहून, बादली लिहून. खाली काय लिहिलंय ते ह्यांनी वाचलं तरी असेल का?

आणि आठवडाभर हा माणूस मला शोधत स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसत होता, आणि मी पाय काढा म्हणून त्याच्यावर खेकसत होते. मला फार वाईट वाटलं. ते वाणीला दिसू नये म्हणून मी एसी कमी कर म्हणून तिच्यावर ओरडले.

"अण्णांचंही नाव गाळावं लागणार," वाणी हळूच म्हणाली. चूक तिची होती, पण आम्ही दोघंही नापास ते नापासच.

परतताना रिक्षात हे तोंड फिरवून बसले होते. मला वाटलं होतं की हे रुसलेत. होसूर रोडच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा बाहेरच्या लॉरीकडे बघत हे म्हणाले,

"तुझी रेघ बघितली मी. तू तयार आहेस."

"बरं मग?"

"मग जा तू आधी. मी बघून घेईन."

दहा वर्षं ज्याच्यासाठी मी तोंड वाजवलं ते वाक्य हेच. शब्दसुद्धा तेच. आणि ते बोलताना ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आमचे हे दुकानात गिऱ्हाइकाला कच्चा रंग पक्का म्हणून सांगायचे तेव्हा अशाच लाल व्हायच्या, आणि गिऱ्हाईक ते ओळखून निघून जायचं.

"कसं बघाल?" मी विचारलं.

"बघेन की. लोक बघतात. स्वल्प त्रास होईल."

"स्वल्प म्हणजे किती?"

हे लॉरीच्या मागची अक्षरं वाचत बसले. लॉरी हलली, रिक्षा हलली, तरी मान बाहेरच. मला काय झालं कोण जाणे, मी एकदम म्हटलं, "नको. तुम्हीच जा आधी."

ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "आणि तुझं सवाष्णपण? हिरवं पातळ?"

"येत्या शुक्रवारी नेसून टाकते. देवळात जाऊन येऊ. ज्याला पाया पडायचंय तो तेव्हाच पडेल."

"खरंच म्हणतेस?"

"खरंच. मी मागं राहते. मी बघून घेईन." माझ्या कानांना हात लावून बघायची मला हिंमत झाली नाही. "पण मी सांगेपर्यंत जागचं हलायचं नाही."

"सरी, ठरलं," हे म्हणाले. एवढंच. मग सीटवर मागे रेलून त्यांनी असा श्वास सोडला की मला हेवा वाटला. रिचमंड रोडला लागेपर्यंत डोकं माझ्या खांद्यावर टेकवून झोपलेसुद्धा. आठवडाभर नीट झोपले नसणार.

मला वाटलं होतं, एवढं मोठं काही देऊन टाकलं की हलकं वाटेल. वाटलं नाही. मी खाली बघितलं. ह्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं, हात मांडीवर सैल पडले होते. छाती हलतेय का ते रिक्षाच्या धक्क्यांत कळेना. नाकाशी बोट धरून बघितलं, तर बाहेरून वारा एवढा येत होता की तेही कळेना. मी कोपराने जोरात ढोसलं.

"काय झालं?" हे दचकून उठले. "आलं का घर?"

"नाही. झोपा तुम्ही."

पुढच्या सिग्नलला मी पुन्हा ढोसलं.